‘गेला’ आणि ‘आला’ : दोन गतिवाचक रूपांचे मूळ आणि वंशविस्तार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी क्रियापदांची रूपे शिकविताना ‘जातो–गेला’ आणि ‘येतो–आला’ ही दोन युग्मे ‘अनियमित’ या सदरात घालून पुढे जाण्याची पद्धत रूढ आहे. ‘बसतो–बसला’, ‘चालतो–चालला’ यांत धातू एकच राहतो आणि प्रत्यय बदलतो. ‘जा’ या धातूपासून मात्र ‘जाला’ असे रूप होत नाही, आणि ‘ये’पासून ‘येला’ होत नाही. वर्णनात्मक व्याकरणाचे काम एवढी नोंद केल्याने भागते. ऐतिहासिक भाषाभ्यासात मात्र ‘अनियमित’ हा शब्द उत्तर म्हणून स्वीकारता येत नाही. संशोधनाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

या प्रश्नाला अलीकडे आणखी एक संदर्भ प्राप्त झाला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा होते तेव्हा पैठणच्या सातवाहनांचा आणि हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’चा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. महाराष्ट्री प्राकृतापासून मराठीपर्यंत अखंड परंपरा आहे हे विधान सर्वसाधारणपणे मान्य होण्यासारखे आहे. परंतु अखंडता ही एकेका शब्दाच्या, एकेका प्रत्ययाच्या पातळीवर दाखवावी लागते. तशी ती दाखवू गेल्यास काही धागे गाथेपर्यंत सरळ पोहोचतात, काही गाथेच्याही फार मागे जातात, तर काहींचा गाथेशी थेट संबंध दिसत नाही. ‘गेला’ आणि ‘आला’ या दोन रूपांत हे तिन्ही प्रकार एकत्र आढळतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पैठण : एका ध्वनिनियमाची साक्ष

विवेचनाचा आरंभ क्रियापदाऐवजी एका ग्रामनामापासून करणे सोयीचे ठरेल. ‘पैठण’ हे नाव ‘प्रतिष्ठान’ या संस्कृत रूपाशी संबद्ध आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील पितळखोरे येथील लेण्यांमधील इसवी सनापूर्वीच्या दानलेखात या नगरीचे नाव ‘पतिठान’ असे कोरलेले आहे. तेथे ‘प्र’चा ‘प’ झाला आहे, ‘ष्ठ’चा ‘ठ’ झाला आहे. दोन स्वरांमधील ‘त’ मात्र कायम आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारवृत्तात भरुकच्छापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर असलेल्या या पेठेचे नाव ‘पैठाना’ असे येते, आणि दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात ते ‘बैठाना’ असे आहे. दोन्ही ग्रीक रूपांत ‘त’ नाही. लेखनात जुने वळण टिकले असतानाही व्यापाऱ्यांच्या कानावर पडणाऱ्या उच्चारातून ‘त’ गेलेला होता, असा याचा अर्थ होतो.

दोन स्वरांच्या मध्ये येणाऱ्या क, ग, च, ज, त, द, प, य, व या व्यंजनांचा बहुधा लोप होतो, हा नियम वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त आणि पुढे हेमचंद्राच्या व्याकरणात सांगितला आहे. महाराष्ट्रीत हा लोप सर्वाधिक प्रमाणात आढळतो. शौरसेनीत अशाच ठिकाणी ‘त’चा ‘द’ होऊन थांबतो. म्हणून संस्कृत ‘गत’चे शौरसेनीत ‘गद’ आणि महाराष्ट्रीत ‘गअ’ असे रूप होते. ‘प्रति’चा ‘पइ’ आणि ‘गत’चा ‘गअ’ होणे ही एकाच नियमाची दोन उदाहरणे होत. ‘प्रतिज्ञा’पासून ‘पैज’ हा शब्द त्याच वाटेने आलेला आहे.

‘गाथासप्तशती’त प्रवासाला निघालेला, गेलेला किंवा परत येणारा पथिक हा वारंवार येणारा विषय असल्याने गतिवाचक क्रियापदांची रूपे तेथे विपुल आढळतात. स. आ. जोगळेकरांची १९५६ सालची मराठी आवृत्ती समोर ठेवून विद्यार्थ्यांना ती सहज गोळा करता येतात. ‘जाइ’ म्हणजे जातो, ‘एइ’ म्हणजे येतो, ‘गअ’ म्हणजे गेलेला, ‘आगअ’ किंवा ‘आअअ’ म्हणजे आलेला, आणि ‘वच्चइ’ म्हणजे पुन्हा जातो. आजच्या मराठीतील चारही रूपांचे पूर्वज या यादीत आहेत. ते मूळ कोणत्या धातूंचे, हे आता पाहावयाचे आहे.

३. तीन धातू आणि त्यांची पुनर्रचित रूपे

‘जाइ’ हे संस्कृत ‘याति’चे रूप होय. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो. ‘यात्रा’चे ‘जत्रा’ झाले ते याच नियमाने, मात्र त्यातील ‘त्र’ संस्कृताच्या प्रभावाने टिकून राहिल्यामुळे तो शब्द अर्धतद्भव ठरतो. ‘एइ’ हे ‘आ’ या उपसर्गासह ‘इ’ या धातूचे रूप. त्यातूनच मराठी ‘येणे’ आले आहे. ‘गअ’ आणि ‘आगअ’ ही ‘गम्’ या धातूची कर्मणि-भूत धातुसाधिते आहेत. म्हणजे ‘जातो’ आणि ‘येतो’ हे दोन वेगळ्या धातूंचे, तर ‘गेला’ आणि ‘आला’ हे एकाच धातूचे वंशज आहेत. परस्परविरुद्ध अर्थाच्या दोन क्रियापदांचा भूतकाळ एकाच मुळातून यावा, ही या युग्मांतील खरी लक्षणीय गोष्ट आहे.

या धातूंच्या मागे जाण्यासाठी तौलनिक पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो. आद्य भारत-युरोपीय भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. तिची रूपे कन्याभाषांतील नियमित ध्वनिसंवादांवरून पुनर्रचित केली जातात आणि तसे दर्शविण्यासाठी त्यांच्या आधी तारा देण्याचा प्रघात आहे. संस्कृत ‘गम्’ या धातूचे पुनर्रचित रूप *ग्वेम् असे मानतात. येथील आद्य व्यंजन ओठांच्या गोलाईसह उच्चारलेला ‘ग’ होय. या एका व्यंजनाचे संस्कृतात ‘ग’ किंवा ‘ज’, ग्रीकमध्ये बहुधा ‘ब’, लॅटिनमध्ये ‘व’ आणि जर्मानिक शाखेत ‘क’ असे परिणाम होतात. म्हणून संस्कृत ‘गम्’, ग्रीक ‘बाइनो’, लॅटिन ‘वेनिओ’, गॉथिक ‘क्विमान’, जर्मन ‘कोमेन’ आणि इंग्रजी ‘कम’ ही सर्व एकाच घराण्यातील रूपे आहेत. ध्वनींचे साम्य जेथे डोळ्यांना दिसत नाही तेथेही संवाद नियमित असेल तर नाते सिद्ध होते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

‘जगाम’ या परोक्षभूत रूपात धातूच्या एकाच व्यंजनाचे दोन परिणाम शेजारी शेजारी दिसतात. पुनर्रचित रूपात पहिल्या अवयवात ‘ए’ हा स्वर होता, दुसऱ्यात ‘ओ’ होता. ‘ए’च्या सान्निध्याने कंठ्य व्यंजन तालव्य होऊन ‘ज’ झाला; ‘ओ’पूर्वी तो ‘ग’च राहिला. त्यानंतर दोन्ही स्वर ‘अ’वर्णात विलीन झाले. कारण नाहीसे झाले तरी परिणाम मागे राहिला. ‘जगत्’ म्हणजे चालणारे, हालणारे. त्याच्या आरंभीच्या ‘ज’चा उगमही याच प्रक्रियेत आहे.

‘गत’ या रूपाचाही इतिहास असाच बोधप्रद आहे. धातूत ‘म्’ आहे आणि धातुसाधितात तो नाही. पाणिनीय परंपरा याचे वर्णन अनुनासिकाचा लोप असे करते. तौलनिक दृष्टीने पाहता येथे लोप झालेला नाही. *ग्वम्-तो या रूपात ‘म्’ स्वरासारखा उच्चारला जात होता, आणि संस्कृतात व ग्रीकमध्ये अशा स्वरवत् ‘म्’चा ‘अ’ होतो. ‘गत’मधील ‘ग’नंतरचा ‘अ’ हाच तो जुना ‘म्’ होय. ग्रीक ‘बातोस’ आणि लॅटिन ‘वेन्तुस’ हे त्याचे सगोत्र आहेत. लॅटिनमध्ये अनुनासिक टिकला आहे.

‘इ’ आणि ‘या’ या दोन धातूंचे नाते परस्परांशीही आहे. *एइ हा मूळ धातू. ग्रीक ‘एइमि’ आणि लॅटिन ‘एओ’ ही त्याची रूपे. ‘या’ हा त्याच धातूचा विस्तार मानला जातो. वाहनाने अथवा घोड्यावरून जाणे या अर्थाचा लिथुआनियन ‘योति’ हा त्याचा सगोत्र आहे. तेव्हा ‘येणे’ आणि ‘जाणे’ हे आज परस्परांपासून पूर्ण वेगळे भासणारे धातू अंतिमतः एकाच घरातले निघतात.

४. दिशा धातूत नसते

येथे अर्थविषयक एक शंका उपस्थित होते. एकाच *ग्वेम् धातूचा अर्थ संस्कृतात ‘जाणे’ आणि इंग्रजी-जर्मनमध्ये ‘येणे’ असा उलट कसा झाला? ग्रीकमध्ये तो ‘पाऊल टाकणे, चालणे’ असा आहे, तर लिथुआनियन ‘गिम्ति’मध्ये ‘जन्मास येणे’ असा. या सर्व अर्थांचा मेळ घातल्यास मूळ अर्थ ‘पाऊल टाकणे’ असा होता आणि बोलणाऱ्याकडे की त्याच्यापासून दूर, ही दिशा धातूत अंतर्भूत नव्हती असे दिसते. संस्कृताने दिशा दाखविण्याचे काम उपसर्गांकडे दिले : गच्छति–आगच्छति, याति–आयाति, एति–ऐति.

याचा मराठीवरील परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. ‘गेला’ आणि ‘आला’ यांतील अर्थभेद मुळात केवळ ‘आ’ या उपसर्गाचा आहे. ‘आगत’मधील ‘ग’ आणि ‘त’ हे दोन्ही स्वरमध्यस्थ असल्याने दोहोंचा लोप झाला आणि ‘आअअ’ एवढेच उरले. त्यापुढे ‘ल’ प्रत्यय लागून ‘आला’ सिद्ध झाला. म्हणजे ‘आला’ या रूपात आरंभीचा ‘आ’ उपसर्गाचा, शेवटचा ‘ला’ प्रत्ययाचा, आणि धातूचे एकही व्यंजन शिल्लक नाही. ‘गेला’मध्ये ‘ग’ वाचला, कारण तो शब्दारंभी होता. ज्या रूपात धातूच दिसत नाही त्याचा धातू कोणता, हे इतिहासाच्या मदतीशिवाय सांगता येणार नाही.

५. ‘ल’ कोठून आला ?

‘गअ’पासून ‘गेला’ होण्यासाठी दोन गोष्टींचे स्पष्टीकरण हवे : ‘ए’चे आणि ‘ल’चे. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. तेव्हापासून मराठी भूतकाळातील ‘ल’चा संबंध प्राकृतातील ‘इल्ल’ या प्रत्ययाशी जोडला जातो. ‘इल्ल’ हा मूलतः नामांना व अव्ययांना लागून ‘तेथला, त्यासंबंधीचा’ असा अर्थ देणारा प्रत्यय होय. ‘मागील’, ‘पुढील’, ‘आतील’ यांत तो आजही त्याच अर्थाने वावरतो आणि ‘पहिला’ या क्रमवाचकातही तोच आहे. जैन प्राकृतात तो धातुसाधितांना जोडलेला आढळतो. मूळ ‘गअ’ हे रूप ध्वनिलोपाने इतके क्षीण झाले होते की त्याला आधाराची गरज होती. ‘गअ’ अधिक ‘इल्ल’ मिळून ‘गइल्ल’ आणि त्यातून ‘गेला’. त्याचप्रमाणे ‘कृत’पासून ‘कअ–इल्ल’ आणि ‘केला’, ‘मृत’पासून ‘मअ–इल्ल’ आणि ‘मेला’. ‘ए’ हा प्रत्ययाच्या ‘इ’चा अवशेष आहे.

ही मांडणी केवळ कागदावरची नाही. भोजपुरीत ‘गेला’ या अर्थी ‘गइल’ आणि ‘आला’ या अर्थी ‘आइल’ अशी रूपे आजही चालतात. मराठीसाठी गृहीत धरलेली मधली पायरी तेथे जिवंत आहे. कोंकणीतील ‘आयलो’मध्येही ती ‘इ’ ऐकू येते. श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध शिलालेखातील ‘करवियलें’ या रूपात ‘ल’पूर्वीचे दोन स्वर अद्याप एकवटलेले नाहीत. उद्द्योतनसूरीने शके ७०० म्हणजे इ. स. ७७९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या ग्रंथात निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची बोली नमुन्यादाखल दिली आहे. तेथे मरहट्ट व्यापाऱ्याच्या तोंडी घातलेले ‘दिले’ आणि ‘घेतले’ या अर्थाचे दोन्ही शब्द ल-कारयुक्त आहेत. आठव्या शतकातील परक्या श्रोत्यालाही मराठी माणसाची ओळख या ‘ल’वरून पटत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

‘पइट्ठाण’चे ‘पैठण’ होताना ‘अइ’चा ‘ऐ’ झाला आणि ‘गइल्ल’मध्ये मात्र ‘ए’ झाला, हा भेद येथे नोंदविला पाहिजे. पहिल्यात उपसर्ग आणि धातू एकवटून बनलेला स्थिर शब्द आहे. दुसऱ्यात नित्य वापरातील धातुरूप आणि प्रत्यय यांचा सांधा आहे. ‘केला’, ‘मेला’ ही रूपे ‘गेला’च्याच बाजूने उभी राहतात, यावरून क्रियापदाच्या रूपावलीत हा संकोच अधिक पुढे गेला असे म्हणता येते.

आता गाथेच्या संदर्भातील मुद्दा स्पष्ट होईल. महाराष्ट्रीतील ‘गअ’ हे पद ‘गेला’च्या पूर्वार्धाचा पूर्वज आहे यात शंका नाही. परंतु मराठी भूतकाळाची खूण असलेला ‘ल’ गाथेच्या भाषेत क्रियापदाचा प्रत्यय म्हणून स्थिरावलेला नाही. याउलट तो बंगाली ‘गेलो’, मैथिली ‘गेल’, असमिया ‘गल’, ओडिया ‘गला’ यांत आहे. हिंदी ‘गया’ आणि गुजराती ‘गयो’ या साध्या भूतकाळात नाही. २०२४ मध्ये अभिजात ठरलेल्या पाच भाषांपैकी मराठी, बंगाली आणि असमिया या तिघींनी हा प्रत्यय स्वीकारलेला आहे. मराठी ही महाराष्ट्रीची कन्या होय हे सूत्र एवढ्याने खोटे ठरत नाही. पण महाराष्ट्री ही काव्यात रूढ झालेली साहित्यभाषा होती आणि मराठीच्या घडणीत तिच्याखेरीज बोलींचे प्रवाहही मिसळले, एवढी दुरुस्ती त्यात करणे आवश्यक ठरते.

साम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह कसा टाळावा, यासाठी आणखी एक उदाहरण उपयुक्त आहे. युरोपातील रोमा लोकांच्या भाषेत ‘गेला’ या अर्थी ‘गेलो’ असेच रूप आहे, आणि कोंकणी ‘गेलो’शी ते हुबेहूब जुळते. तथापि रोमा भाषेत स्वरमध्यस्थ दंत्य व्यंजनाचा नियमाने ‘ल’ होतो. ‘भ्राता’चे ‘फ्राल’ आणि ‘गीत’चे ‘गिली’ ही त्याची उदाहरणे. म्हणजे तेथील ‘ल’ हा ‘गत’मधील ‘त’ आहे, तर कोंकणी-मराठीतील ‘ल’ हा ‘इल्ल’ प्रत्ययाचा. धातू एकच, रूपही एकसारखे, परंतु ‘ल’चा वंश भिन्न.

६. वर्तमान बदलतो, भूत टिकतो

‘या’ धातूचे धातुसाधित ‘यात’ असे संस्कृतात आहे. मग मराठीने ‘जा’ धातूचा भूतकाळ त्यापासून का घडविला नाही? ध्वनिनियम लावून पाहिले तर उत्तर मिळते. ‘यात’चे प्राकृत रूप ‘जाअ’ आणि ‘जात’ म्हणजे जन्मलेला याचेही ‘जाअ’च. दोहोंना ‘इल्ल’ लावल्यास ‘जाला’ हेच एक रूप सिद्ध होईल. जुन्या मराठीतील ‘जाला’ म्हणजे आजचा ‘झाला’ हा ‘जात’चा वंशज होय, कोंकणीत तो ‘जालो’ असा अद्याप आहे. ‘होणे’च्या भूतकाळाने ही जागा व्यापली असल्यामुळे ‘जाणे’ला ती मोकळी नव्हती. ‘तो गेला’ आणि ‘तो झाला’ यांतील भेद ‘गम्’च्या आश्रयामुळे सुरक्षित राहिला.

समध्वनीचे हे कारण मात्र स्थानिक आहे. प्रवृत्ती त्याहून जुनी आहे. वर्तमानाच्या बाजूने पाहिल्यास गतिवाचक धातू सतत बदलत आलेले दिसतात. संस्कृतातील ‘गच्छति’ मराठीत उतरला नाही. त्याची जागा ‘याति’ने घेतली. प्राकृतातील ‘वच्चइ’चा संबंध हेमचंद्र ‘व्रज्’ धातूशी लावतो. हा धातू ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘वचणे’ या रूपात ‘जाणे’च्या बरोबरीने वावरत होता, प्रमाण मराठीतून तो पुढे लुप्त झाला. कोंकणीने मात्र तोच धरून ठेवला. ‘वचप’ हा तेथील ‘जाणे’ होय. असे असूनही कोंकणीत ‘वचप’चा भूतकाळ ‘गेलो’ हाच आहे. वर्तमानाचे धातू आले आणि गेले. भूतकाळाच्या जागेवरून ‘गत’ हलला नाही. हिंदी ‘जाता–गया’ व गुजराती ‘जाय–गयो’ यांत हेच दिसते. श्रीलंकेतील सिंहलीत ‘जाणे’ म्हणजे ‘यनवा’ आणि ‘गेला’ म्हणजे ‘गिया’. ‘येणे’ म्हणजे ‘एनवा’ आणि ‘आला’ म्हणजे ‘आवा’. मराठीची दोन्ही युग्मे तेथे जशीच्या तशी भेटतात.

या विभागणीची जाणीव पाणिनीलाही होती. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात, लुङ् लकारात ‘इण्’ या धातूच्या जागी ‘गा’ आदेश होतो असे विधान आहे; त्यामुळे ‘एति’चे लुङ् रूप ‘अगात्’ असे होते. ‘गा’ हा धातू ‘गम्’चा निकटचा आप्त असून ‘अगात्’ला ग्रीक ‘एबे’ हे रूप अक्षरशः जुळते. तौलनिक अभ्यासातही असेच आढळते. *एइ हा धातू चालू असलेल्या क्रियेचा. पूर्ण झालेल्या क्रियेची जुनी रूपे त्याच्यापासून होत नव्हती. *ग्वेम् आणि *ग्वा हे धातू मात्र एका पावलाने संपणाऱ्या क्रियेचे, आणि त्यांची सर्वांत जुनी रूपे पूर्णतावाचकच आहेत. वैदिक ‘अगन्’ आणि अर्मेनियन ‘एक्न’ यांचा संवाद त्याची ग्वाही देतो.

इराणी शाखेतील पुरावा या मांडणीला बळकटी देतो. फारसीत ‘तो येतो’ याचे मूळ रूप ‘आयद’ आणि ‘आला’ याचे ‘आमद’. ‘आयद’मध्ये ‘आ’ उपसर्गासह ‘इ’ धातू आहे. ‘आमद’मध्ये ‘आ’ उपसर्गासह ‘गम्’चे धातुसाधित आहे, फक्त तेथे ‘ग’ जाऊन ‘म’ राहिला. मराठी ‘येतो–आला’ आणि फारसी ‘आयद–आमद’ यांत धातूंची वाटणी तंतोतंत सारखी आहे. मराठीने फारसीतून घेतलेल्या ‘आमदनी’त आणि ‘खुशामत’ या शब्दाच्या उत्तरपदात हाच ‘आमद’ दडलेला आहे. ‘आला’ आणि ‘खुशामत’ यांचे दूरचे नाते अशा रीतीने प्रस्थापित होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मराठीचा ‘गेला’ हा ‘अगन्’ किंवा ‘अगात्’चा थेट वंशज नाही. ती रूपे प्राकृतकाळी मागे पडली आणि त्यांच्या जागी ‘गत’ हे धातुसाधित आले. म्हणूनच ‘गेला, गेली, गेले’ असा लिंगभेद मराठीच्या भूतकाळात आढळतो, जो संस्कृतच्या तिङन्त रूपांत नाही. ‘गेलो’, ‘गेलास’ ही पुरुषवाचक रूपे त्यानंतरची. तेव्हा टिकून राहिले ते रूप नव्हे. टिकली ती श्रमविभागणी. प्रत्येक टप्प्यावर भाषेने जुनी रूपे टाकली आणि नव्या साधनांनी तीच वाटणी पुन्हा उभी केली.

भारत-युरोपीय कुलाबाहेरही अशी परिस्थिती आढळते. उरालिक भाषाकुलात ‘जाणे’ या अर्थाचा *मेने हा धातू पुनर्रचित केला जातो. फिनिश ‘मेन्ना’ आणि हंगेरियन ‘मेन्नि’ हे त्याचे वंशज. एस्टोनियनमध्ये ‘मिनेमा’ हे त्याचेच रूप असले तरी ‘मी जातो’ यासाठी ‘लाहेन’ हे दुसऱ्या धातूचे रूप वापरतात. इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा वळणे या अर्थाच्या निराळ्या धातूपासून घेतला आहे. अतिपरिचयाची क्रियापदे रोजच्या वापरामुळे एकेका रूपाने स्वतंत्रपणे स्मरणात राहतात. म्हणून भिन्न धातूंची रूपे एका रूपावलीत सुखाने नांदू शकतात. क्वचित वापरले जाणारे क्रियापद असे अनियमित राहू शकत नाही.

७. मराठीतील वंशविस्तार

या तीन धातूंचे मराठीतील कार्य गतिदर्शनापुरते मर्यादित राहिलेले नाही. जुन्या मराठीतील ‘करिजे’सारखी कर्मणि रूपे मागे पडल्यावर (‘म्हणिजे’ हे त्यांपैकी एक ‘म्हणजे’ या रूपाने अव्यय होऊन उरले) ‘केले जाते’, ‘मारला गेला’ अशा रचनेत ‘जाणे’ कर्मणि प्रयोगाचे साधन बनले. ‘निघून गेला’, ‘विसरून गेला’ यांत ते क्रियेची पूर्णता दाखविते. ‘येणे’ सामर्थ्यवाचक झाले. जुन्या मराठीत ‘करूं ये’ म्हणजे करता येते. त्याचाच नकार ‘करूं न ये’. या ‘न ये’चे ‘नये’ झाले आणि अर्थ ‘शक्य नाही’वरून ‘योग्य नाही’कडे, पुढे निषेधाकडे सरकला. ‘करू नये’ म्हणताना त्यात ‘येणे’ आहे याचे भान आज राहिलेले नाही. ‘वाढत गेला’ आणि ‘वाढत आला’ यांची तुलना केल्यास मूळ दिशाभेद काळाच्या क्षेत्रात कसा उतरला तेही ध्यानात येते : पहिल्यात क्रिया वक्त्यापासून दूर जाते, दुसऱ्यात ती त्याच्या वर्तमानापर्यंत येऊन पोहोचते.

‘गेला’ हे रूप पूर्ण क्रियापद बनल्यावर विशेषणासाठी नवे रूप लागले. ते ‘गेलेला’ असे सिद्ध झाले. तोच प्रत्यय त्याच शब्दाला दुसऱ्यांदा लागला. ‘गेल्या वर्षी’ या प्रयोगात मात्र जुने एक-लकारी विशेषण अजून टिकून आहे.

‘गम्’च्या इतर वंशजांत ‘उगवणे’ हे प्रमुख होय. ‘उद्गम्’ या रूपातील स्वरमध्यस्थ ‘म’चा ‘व’ झाला, जसा ‘ग्राम’चा ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’. ‘गमणे’ म्हणजे वाटणे, भासणे. यातील न बदललेला ‘म’ प्राकृत ‘गम्म’ या द्वित्वयुक्त कर्मणि रूपाशी जुळतो, आणि ‘कळते, समजते’ हा अर्थही तेथूनच आला. ‘जग’, ‘जंगम’, ‘गती’, ‘संगम’ हे संस्कृतातून घेतलेले. पैठणच्या परिसरात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. परंपरा त्या शब्दाचीही उपपत्ती ‘गम्’पासून लावते. ‘गाव’ मात्र या घराण्यातील नव्हे. ‘ग्राम’चा मूळ अर्थ ‘समूह’ असा असून ‘जेथे जातात ते गाव’ ही व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती ठरते. त्याचप्रमाणे ‘तो जाणे आणि त्याचे काम जाणे’ यातील ‘जाणे’ ‘ज्ञा’ धातूपासून आलेले आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. ‘जातो–गेला’ आणि ‘येतो–आला’ या युग्मांत तीन धातू गुंतलेले असून भूतकाळाची दोन्ही रूपे एकट्या ‘गम्’ धातूची आहेत. त्यांतील ध्वनिलोप महाराष्ट्रीच्या मार्गाने झाला. त्याची साक्ष गाथेत आणि स्वतः ‘पैठण’ या नावात आहे. वर्तमान आणि भूत यांच्यातील धातूंची वाटणी महाराष्ट्रीहून फार प्राचीन असून इराणी शाखेतही तीच आढळते. ‘ल’ प्रत्यय मात्र गाथेच्या साहित्यभाषेपेक्षा बोलींकडे आणि पूर्वेकडील भाषांकडे निर्देश करतो. चार-चार मात्रांच्या दोन शब्दरूपांत अशा तीन कालखंडांचे थर साठलेले आहेत.

पदव्युत्तर अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ‘अनियमित’ रूपांची यादी ही पाठांतराची बाब न मानता ती ऐतिहासिक साधनसामग्री म्हणून वाचावयास शिकविली पाहिजे. नियमित रूपे प्रत्येक पिढी नव्याने घडवू शकते, अनियमित रूपे वारशानेच मिळतात. मराठीच्या प्राचीनत्वाचे प्रतिपादन करणाऱ्यांनाही येथून एक पथ्य घेता येईल. प्राचीनत्व हा भाषेचा एकसंध गुण नसून तिच्या प्रत्येक घटकाचे वय वेगळे असते. ते वेगवेगळे मोजून दाखविण्यात मराठीचा गौरव उणावत नाही. उलट गौरवाच्या विधानाला पुराव्याचे अधिष्ठान लाभते.